बारा मिनिटांचा सामना, दुपारभराची मशागत

'एनबीए जॅम' या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेमचा एक सामना म्हणजे तीन-तीन मिनिटांचे चार क्वार्टर, एकूण 12 मिनिटं. पण 1994 चं कार्ट्रिज (गेमची खोचायची डबी) आणि सेगाचं जुनं गेमयंत्र मेगा ड्राइव्ह नागपूरच्या मे महिन्यात चालवायचं, तर मला तर्री-पोहे संपल्या संपल्या कामाला लागावं लागतं. त्याआधी हात साबणाने धुवायचे. तर्रीचं तेल बटणाखालच्या रबरात उतरलं की टर्बो, म्हणजे वेग वाढवायचं बटण, दाबूनही खेळाडू बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत दोन्ही हातांत पिशव्या घेतल्यासारखा चालतो. मग कंट्रोलर खोला, रबर पुसा, स्क्रू शोधा.

पडदा काळाच राहिला तर कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायचा मोह आवरावा. घरात कूलरची ओल असतेच, त्यात थुंकीची भर पडली की खालच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, दोन्ही बाजू पुसा, वाळू द्या, मगच खोचा.

अडॅप्टरशी मात्र थट्टा नको. पहिल्या मॉडेलला 9 व्होल्ट, 1.2 अँपिअर लागतात आणि पिनच्या आत ऋण असतं. राउटरचा अडॅप्टर भोकात बसला म्हणजे सोयरीक जुळली असं नाही. त्याच्या आत बहुधा धन असतं आणि व्होल्टही जास्त. अमेरिकेहून आलेला 120 व्होल्टचा जुना अडॅप्टर तर आपल्या 230 ला लागला की आधी वास येतो, अक्कल नंतर.

एवढं होऊन चित्र आलंच, तर नवा टीव्ही आडवा येतो. जुना सिग्नल फुगवून दाखवण्यात त्याचा वेळ जातो, आणि मी ब्लॉकसाठी, म्हणजे चेंडू अडवायला, उडी मारेपर्यंत समोरच्याचा डंक (उडी मारून चेंडू बास्केटमध्ये कोंबणं) होऊन गेलेला असतो. टीव्हीच्या सेटिंगमधला 'गेम मोड' लावल्याने थोडं सुधारतं. खरा उपाय म्हणजे माळ्यावरचा डबा टीव्ही. तो उतरवायला दोन माणसं लागतात, आणि खाली उभे काका असतातच: "काहून बे, भंगारात द्याचा होता ना हा?"

खेळ मात्र सोपा. दोघांविरुद्ध दोघं. धक्काबुक्कीला पंच काही म्हणत नाही. गोलटेंडिंग, म्हणजे बास्केटकडे खाली येणारा चेंडू अडवणं, तेवढं धरतो. एकाच खेळाडूने सलग तीन बास्केट केल्या, मधे समोरच्यांची एकही नाही, की चेंडू पेटतो आणि त्याचा टर्बो संपतच नाही. समोरच्यांनी बास्केट केली की आग विझते. म्हणून कुणी पेटला की ब्लॉकच्या नादी न लागता आपली बास्केट करून मोकळं व्हावं. ऑप्शन्समध्ये 'कॉम्प्युटर असिस्टन्स' असतं, ते आधी बंद करा. नाहीतर मागे पडलेल्याला यंत्रच हात देतं.

आणि मग पाहुण्यांचं पोरगं विचारतं, "जॉर्डन कुठं आहे?" नाही बावा. शिकागोचा नावाजलेला मायकल जॉर्डन या गेममध्ये नाही, खेळाडूंची नावं वापरायच्या करारात त्याच्या नावाचे हक्क नव्हते. शिकागोकडून पिपेन घे. फक्त समोर डेट्रॉइट नको. नाणी टाकून खेळायचा मूळ आर्केड गेम बनवणारा मार्क टर्मेल डेट्रॉइटच्या संघाचा चाहता. डेट्रॉइटविरुद्धच्या अटीतटीच्या सामन्यात शिकागोचे शेवटच्या क्षणाचे शॉट हुकतील अशी सोय त्याने कोडमध्येच केली होती, आणि पुढे कबूलही केली. घरच्या कार्ट्रिजमध्ये ती आहे की नाही, यावर मी पैज लावत नाही. डेट्रॉइट घेतो.