पाटणच्या जमिनीखाली लाव्हा उकळत नाही

परवा रात्री साडेदहाला पाटणहून आत्याचा फोन आला. "आरं, पिशवी भरून ठेवलीया. आत्ताच निघू का सकाळच्याला?" कारण होता एक मेसेज, जो एव्हाना कराड-साताऱ्याच्या ग्रुपांवर फिरून फिरून गुळगुळीत झालाय. त्यात म्हटलंय: उपग्रहाच्या नकाशात कोयना खोऱ्यावर लाल ठिपके दिसले. सह्याद्रीखालचा लाव्हा जागा होतोय. उपग्रह ५२ अंश दाखवतो, पण लाव्हाची उत्सर्जकता कमी असल्याने खरं तापमान ११०० आहे, हे शास्त्रज्ञांनीच मान्य केलंय. कोयनेचे धक्के त्याचेच. आणि लाव्हा कराडला किती तासांत पोचेल याचं मॉडेलही तयार आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आत्या कोयनानगरला होती, आठ वर्षांची. त्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. अशा बाईला हा मेसेज पाठवणाऱ्यांचा मला संताप आलाय.

आधी ते ११००. यातला एक धागा खरा आहे, तेवढा मान्य करतो. उपग्रह तापमान मोजत नाही. जमिनीतून निघणारे किरण मोजतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब मांडतो. पृष्ठभाग किती सढळपणे किरण सोडतो, म्हणजे त्याची उत्सर्जकता किती, हे त्या हिशेबात गृहीत धरावं लागतं. थंड बेसॉल्टसाठी, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळासाठी, साधारण ०.९५ धरतात. वितळलेल्या लाव्हाची त्याहून कमी असते, हे इटलीतल्या एटना ज्वालामुखीच्या लाव्हावरच्या प्रयोगांत दिसलंय. चुलतभावाच्या गुऱ्हाळावर मी हीच गोष्ट पाहिली आहे. तापमानाची बंदूक उकळत्या रसावर धरली की आकडा पटण्यासारखा येतो. काहिलीच्या घासून लख्ख केलेल्या काठावर धरली की आकडा धाडकन खाली येतो, आणि त्याच काठाला बोट लावलं तर चटका बसतो.

पण फरक पडतो किती? एकूण उत्सर्जन केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. लाव्हा ११०० अंशांचा, उत्सर्जकता खरी ०.८ आणि आपण धरली ०.९५, तर उत्तर साठेक अंशांनी कमी येतं. साठ! ११०० चे ५२ दिसायचे तर उत्सर्जकता ०.००३ हवी. घासलेल्या चांदीचीसुद्धा ०.०२ च्या आसपास असते. चांदीच्या सहाव्या हिश्शाइतकेच किरण सोडणारा काळा कातळ पाटणला काय, कुठेच नाही. ५२ हा आकडा खरा असेल तर तो उन्हाचा आहे. एप्रिलच्या दुपारी उघड्या कातळाचा पृष्ठभाग पन्नाशी सहज ओलांडतो. तो हवेच्या तापमानाचा आकडा नसतो.

लाल ठिपके म्हणजे पेटलेलं पाचट आणि डोंगरातले वणवे. ठिपका ३७५ मीटरच्या किंवा एक किलोमीटरच्या चौकोनाच्या मध्यावर पडतो, म्हणून एका बांधाची आग नकाशात गावाएवढी दिसते.

मॉडेलचं म्हणाल तर हॅरिस आणि रोलंड या शास्त्रज्ञांचं २००१ चं 'फ्लोगो' घ्या, लाव्हा किती लांब वाहील याचा हिशेब मांडणारं. लाव्हा वाहताना किती उष्णता गमावतो, यावर तो कुठे थिजेल ते ठरतं. उत्सर्जकता कमी धरली की तो सावकाश थंड होतो आणि हिशेबात लांबवर जातो. एटनासाठी हा फरक जिव्हाळ्याचा आहे, कारण तिथे खाली गावं आहेत. पण गणित सुरू करायला आधी लाव्हा बाहेर पडणारं मुख लागतं. कोयनेत ते कुठे आहे?

धक्के खरे आहेत, ते धरणाच्या पाण्याशी आणि जुन्या भ्रंशांशी, म्हणजे खडकातल्या सरकणाऱ्या भेगांशी, जोडलेले आहेत. कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळेच्या प्रकल्पात २०१७ साली कोयना भागातल्या गोठणे गावात तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. साधारण सव्वा किलोमीटर खोलीपर्यंत बेसॉल्ट लागला, त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक. वितळलेलं काही लागलं नाही. हा बेसॉल्ट थिजून साडेसहा कोटी वर्षं झाली आहेत.

सकाळी आत्याला हे सगळं सांगितलं. "मग पिशवी मोकळी करू?" म्हणाली. म्हटलं, कपडे कपाटात ठेव. बॅटरी, औषधं आणि कागदपत्रं राहू देत दाराशी, भूकंपासाठी.