ताटं किती सांगू?

भाच्याची मुंज ठरली आणि ताईने ताटांचा आकडा काढायचं काम माझ्या गळ्यात मारलं. चार फोन झाले नाहीत तोच कळलं की आपली माणसं खरंच येणार असतील तर मराठीत बोलतात आणि कल्टी मारायची असेल तर इंग्लिशमध्ये.

मामेभाऊ म्हणाला, "शुअरली येणार रे!" झालं, मी यादीत प्रश्नचिन्ह टाकलं. कारण इंग्लिशमध्ये सर्टनली म्हणजे "मला माहीतच आहे", आणि वाक्याच्या सुरुवातीचं शुअरली म्हणजे "येईलच की, नाही का?", म्हणजे स्वतःलाच शंका आहे म्हणून समोरच्याकडून हो वदवून घ्यायचं. त्यात शुअर आणि सिक्युअर हे दोन्ही शब्द लॅटिनमधल्या सेक्युरसपासून आलेत, अर्थ काय तर काळजी नसलेला. आपल्या निश्चितवर एक टिंब दिलं की निश्चिंत होतं ना, तसंच. बोलणारा निश्चिंत, मरतो तो आकडा सांगणारा.

नाशिकच्या काकांनी वेगळाच घोळ घातला. म्हणाले, "डेफिनेटली नॉट." मी लगेच नाव खोडलं. त्यांना म्हणायचं होतं नॉट डेफिनेटली, म्हणजे अजून नक्की नाही, बघू. दोन शब्दांची अदलाबदल, पण मुंजीला काका, काकू आणि काकूंची बहीण पहिल्याच पंगतीत, आणि वर "आमचं धरलं होतंस ना रे?" हा प्रश्न.

वहिनींनी मेसेजमध्ये डेफिनेटली लिहिताना दुसऱ्या आयच्या जागी ए टाकला (अर्धं जग टाकतं), तर फोनने शहाणपणा करून त्याचं डिफायंटली केलं, म्हणजे कुणाला न जुमानता येणार. खरं सांगतो, अख्ख्या यादीत एवढं अचूक उत्तर दुसरं नव्हतं, कारण ताईचा आणि त्यांचा दिवाळीपासून अबोला आहे आणि त्या अगदी तशाच आल्या, ताईकडे न बघता थेट आहेराच्या टेबलापाशी.

ॲब्सोल्यूटलीवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको, त्यातला एकही फिरकला नाही.

आदल्या आठवड्यात केटररला फोनवर सगळी यादी वाचून दाखवली होती, कोण काय म्हणालं त्यासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, इंग्लिशवाले निम्मे धरा. आणि ते 'बघतो, जमलं तर' म्हणालेत ना, ते माणशी दोन. मठ्ठा मी वाढवूनच आणतो."