घाटात सोडून जा, पण वाघबीळला थांबा की राव

रविवारी दुपारपर्यंत आमच्या कोल्हापुरातल्या सायकल ग्रुपवर स्ट्राव्हाचे, म्हणजे राईड नोंदवणाऱ्या ॲपचे, स्क्रीनशॉट पडायला लागतात. ॲव्हरेज ताशी २७.४ किलोमीटर, ॲव्हरेज २८.१, खाली अंगठे आणि "नाद खुळा भावा". पहाटे आपल्याबरोबर निघालेली ती साध्या हायब्रीड सायकलवाली ताई केर्लीच्या पुढं एकटीच का चालवत होती, हे मात्र कोण विचारत नाही.

स्पष्ट बोलतो, राग आला तर येऊ दे. ग्रुप राईड म्हणजे ट्रेनिंग नव्हं. ज्याला ट्रेनिंग करायचंय त्यानं शनिवारी एकट्यानं करावं, रविवारी माणसांबरोबर यावं.

माझा शनिवार मी कुणाला देत नाही. एमआयडीसीतली नोकरी, आठवडाभर सायकलला हात लागतो तो धूळ पुसायलाच. त्यामुळं शनिवारी फुलेवाडी, बालिंगा करत गगनबावडा रोड धरायचा, कळ्याच्या पुढं जमेल तितकं जायचं आणि मुद्दाम हळू चालवायचं. हळू म्हणजे किती, तर शेजारी कोण असता तर त्याच्याशी न धापता गप्पा मारता आल्या पाहिजेत. ह्यालाच झोन टू म्हणतात, त्यासाठी महागडं घड्याळ असलंच पाहिजे असं काय नाही. आणि हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढायचं ते २२० वजा वय हे गणित नुसतं सरासरीचं आहे, दोन माणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज पडतो, तेव्हा आकड्यापेक्षा श्वासावर विश्वास ठेवा. कॅन अडकवून डेअरीला निघालेले काका मला मागं टाकून जातात आणि जाता जाता "पंक्चर झालीय काय?" म्हणून विचारतात. विचारू देत. ह्या दोन-तीन तासांच्या संथ चालवण्यातच स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं, आणि मग लांबच्या राईडला शेवटच्या तासात पाय टिकतात. आपल्याकडं बहुतेकजण रोज अर्धवट जोरात चालवतात, धड हळू नाही धड जोरात नाही, आणि मग वर्षभर स्पीड वाढंना म्हणून नवीन व्हील्स बघत बसतात.

आता रविवारची पन्हाळ्याची राईड. शिवाजी पूल ओलांडला की वडणगे फाटा, रजपूतवाडी, केर्ली, तिथपर्यंत रस्ता तसा सपाटच. इथं ग्रुपचा खरा उपयोग आहे. तिशीच्या स्पीडला आपली बहुतेक ताकद नुसती हवा कापण्यात जाते, आणि स्पीड दुप्पट करायचा म्हटलं तर हवेसाठी आठपट ताकद लागते. पुढच्याच्या चाकामागं नीट राहिलं तर चौथा हिस्सा तरी कष्ट वाचतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे सपाटीला दमदार माणसानं पुढं राहायचं आणि नवख्याला मागं झाकून न्यायचं, हे साधं आहे. आणि आमची पोरं करतात काय, तर नेमकी सपाटीलाच अटॅक मारतात! मागचा एकदा सुटला की वाऱ्यात एकटा, मग तो कितीही घासूदे, गाठ पडत नाही.

घाटात उलटं आहे. तिथं दहा-बाराचा स्पीड, हवेचा प्रश्न जवळजवळ संपला, जी काय झुंज आहे ती स्वतःच्या वजनाशी. तिथं कुणाच्या मागं राहून कुणाचा फायदा होत नाही. साठ किलोच्या पोरानं पंच्याऐंशी किलोच्या काकांबरोबर चढायचा हट्ट केला तर दोघंही हैराण, एकाला बॅलन्स सांभाळवत नाही आणि दुसऱ्याचा जीव तोंडाला येतो. म्हणून घाटात खुशाल सुटा, लावा काय ताकद लावायची ती, केओएम बिओएम, म्हणजे स्ट्राव्हावरचा त्या चढाचा रेकॉर्ड, काय तो घ्या. फक्त घाटातल्या वाघबीळला थांबा आणि पन्हाळ्याच्या नाक्यावर परत थांबा. शेवटचा माणूस आल्या आल्या "चला निघूया" असं पण करायचं नाही, त्यानं पाणी पिऊन दम खाल्ला की मग निघायचं. पुढं पोचलेले वीस मिनिटं बसून ताजे झालेत आणि मागच्याला दोन मिनिटं पण नाहीत, ही कुठली पद्धत?

उसाचा हंगाम चालू आहे, त्याचं वेगळंच प्रकरण. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं भरलेला, आणि स्पीकर असा की मागनं कोण हॉर्न मारतोय ते ड्रायव्हरला कळायचा संबंधच नाही. काही बहाद्दर त्या ट्रॉलीच्या मागं चिकटून फुकटचा ड्राफ्ट, म्हणजे वाऱ्याचा आडोसा, घेतात आणि त्याचा व्हिडिओ टाकतात. अरे मर्दा, ट्रॉलीला ब्रेकलाईट नाही, पुढचा खड्डा तुला दिसत नाही आणि वरनं मोळी सुटली तर थेट तुझ्या हेल्मेटवर. ड्राफ्ट सायकलवाल्याचा घ्यायचा, जो हात दाखवून खड्डा सांगतो. मागं लाल लाईट नसंल तर अंधारात निघूच नका, ग्रुपनं पण अशाला उजाडेपर्यंत थांबवून ठेवावं.

उतरताना एवढंच, ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा-सोडायचा, आणि वळणाच्या आधी स्पीड कमी करायचा, वळणात नाही. पन्हाळा २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गेला, रविवारी पर्यटकांच्या गाड्या तशाही वर चढत असतात आणि निम्म्यांचं लक्ष दरीकडं असतं.

खाण्याचं बोलायचं तर मिसळीला माझा विरोध नाही, कोल्हापुरात राहून तो परवडणार पण नाही. पण काहीजण मिसळीच्या आशेवर चहा पिऊन निघतात आणि घाटात डोळ्यापुढं काजवे. दीड तासाच्या वर राईड असंल तर खिशात दोन केळी, नाहीतर चिक्की टाका आणि भूक लागायच्या आधी खा. एका केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम कार्ब असतात, तासाला एक-दोन केळी म्हणजे झालं काम. एनर्जी जेलची पाकिटं आणून रस्त्यावर टाकायची काही गरज नाही.

येत्या रविवारी पन्हाळाच आहे. पहाटे साडेपाचला शिवाजी पुलाजवळ. शेवटच्या माणसाबरोबर मी चालवणार आहे, त्यामुळं ज्याला आपण मागं पडू म्हणून यायचं धाडस होत नाही त्यानं बिनधास्त या, गियरची सायकल नसली तरी चालंल. ज्यांना ॲव्हरेज टिकवायचंय त्यांनी पाचला निघावं, वर नाक्यावर भेटू.