जनसुनावणी हा फार्स आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया झोंबली, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. जमिनीचा वापर किंवा चौकातलं शिल्प ठरवताना नगरपालिका लोकांचं म्हणणं ऐकायला जी जनसुनावणी घेते, तिच्यावरच्या लेखात ‘सभेला गर्दी करा’ असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, निर्णय आधीच झालेला असतो, सुनावणी निव्वळ फार्स. आणि शिल्पाबिल्पाच्या बाबतीत तर लोकांना विचारूच नये, त्यांना कलेतलं काय कळतं?

पहिल्या मुद्द्यावर मी निम्मा हरलो. तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा मीच देतो. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात 1981 साली अमेरिकी शिल्पकार रिचर्ड सेरा यांचं ‘टिल्टेड आर्क’ हे शिल्प उभं राहिलं. 120 फूट लांब, 12 फूट उंच, गंजू दिलेल्या पोलादाची कललेली भिंत, आणि तीही चौक दुभागून. आसपासच्या कचेऱ्यांतले लोक वैतागले, सह्यांची मोहीम झाली. मार्च 1985 मध्ये सुनावणी लागली. 180 जण बोलले. 122 म्हणाले ठेवा, 58 म्हणाले हलवा. सुनावणी घेणाऱ्या समितीने 4 विरुद्ध 1 मतांनी शिफारस केली ती हलवण्याची! अध्यक्षपदी बसलेल्या अधिकाऱ्याने शिल्प नको हे आधीच जाहीर केलेलं होतं. 1989 मध्ये एका रात्रीत भिंत कापून नेली. (जागा केंद्र सरकारची, नगरपालिकेची नव्हे, पण सुनावणीची तऱ्हा तीच.)

मला यात खुपतं ते वेगळंच. सेरांना काम दिलं गेलं 1979 मध्ये. तो चौक रोज ओलांडणाऱ्यांना विचारलं ते सहा वर्षांनी, पोलाद उभं राहिल्यावर. तोवर सेरा म्हणत होते, शिल्प याच जागेसाठी घडवलंय, हलवलं की संपलं. मग तडजोड करणार कशाची? जमिनीच्या आरक्षणबदलाचंही, म्हणजे एका वापरासाठी राखलेली जमीन दुसऱ्या वापराला देण्याचंही, तेच. ठराव विषयपत्रिकेवर येतो तेव्हा नकाशा रंगवून झालेला असतो.

शिवाय गर्दी म्हणजे गाव नव्हे, हे मी लिहायला हवं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या 97 शहरा-गावांच्या नियोजन बैठकांची इतिवृत्तं अभ्यासकांनी चाळली. नव्या घरबांधणीवर बोलणाऱ्यांपैकी सुमारे 63 टक्के विरोधात, जेमतेम 15 टक्के बाजूने. आणि बोलणारे बहुतेक वयस्क, घरमालक, जुने रहिवासी. भाड्याने राहणारा संध्याकाळी कामावरून सुटून कधी येणार?

तेव्हा ‘गर्दी करा’ मागे घेतो. त्याऐवजी, जागा ठरत असतानाच जा. हरकत लेखी द्या, भूखंडाच्या क्रमांकासकट नेमकी; पोच घ्या, आणि ती इतिवृत्तात आली का ते पुढच्या बैठकीत बघा. भाषण हवेत विरतं. पुढे अपिलात उपयोगी पडतो तो हा कागद. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेमध्ये 1989 पासून अंदाजपत्रक ठरण्याआधीच वस्त्यांच्या सभांत विचारणा होऊ लागली. गटारं आधी की रस्ते, हे तिथे लोक मांडत. पुढे तो उत्साह ओसरला, हे खरं. पण तिथे मत मांडायला गटारतज्ज्ञ असावं लागत नव्हतं.

आणि म्हणूनच तुमचा दुसरा मुद्दा मला अजिबात मान्य नाही. शिल्प चांगलं की वाईट हे तज्ज्ञांनी सांगावं, जरूर सांगावं. पण जेवणाच्या सुट्टीत चौकात बसायला जागा उरली का, हे तिथे डबा खाणाऱ्यालाच माहीत असतं.