फी माफ झाली, खर्च नाही

आज आमच्या सोसायटीत एका मुलीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाल्याचे पेढे वाटले गेले. पेढा तोंडात टाकता टाकता एका गृहस्थांनी "मुलींना आता फी माफ, म्हणजे फुकटात आर्किटेक्ट!" असे उद्गार काढले आणि माझे डोके फिरले.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. ही सवलत मोलाची आहे, मान्य. पण नकाशांच्या शीट, मॉडेलसाठीचा महागडा जाड माउंट बोर्ड, प्लॉटिंग म्हणजे नकाशांची मोठ्या कागदावरची छपाई, स्टडी टूर आणि ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप कोणी माफ केला?

माझी मुलगी नवी मुंबईत आर्किटेक्चर शिकली. एका ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडण्याच्या दिवशी सकाळच्या गर्दीत तिने केलेले इमारतीचे भलेमोठे मॉडेल घेऊन ठाणे-वाशी लोकलमध्ये शिरणे अशक्यच होते, म्हणून टॅक्सी केली आणि ते मांडीवर सांभाळत मीही तिच्याबरोबर गेले. आत परीक्षकांनी कटर मागवला, आतली रचना पाहण्यासाठी छप्पर कापून काढले आणि जिना बदलायला सांगितले. जिना बदलला म्हणजे प्लॅन बदलला, सेक्शन (इमारतीचे उभे छेद) बदलले, आणि ए-वन आकाराच्या सगळ्या शीट पुन्हा प्लॉटरवर गेल्या. जिना खरोखरच चुकला होता, असे ती स्वतः म्हणते, असेल. बिल मात्र आम्हीच भरले.

हे फक्त आर्किटेक्चरचे नाही. डेंटलच्या मुलांना उपकरणांचे संच स्वतः विकत घ्यावे लागतात, सरावासाठी काढलेले दात दवाखान्यांतून गोळा करावे लागतात. बीएची फी नगण्य म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि पुढे एमपीएससीसाठी पुण्यातली खोली, मेस आणि अभ्यासिका यांत वर्षे जातात. बीएस्सीनंतर अनेकांना एमएस्सी करावे लागते, हे तर प्रवेशाच्या वेळी कोणी बोलतही नाही.

सर्वांत मोठा खर्च मात्र वेळेचा असतो. सकाळचे कॉमर्स कॉलेज आटोपून दुपारी नोकरी करणारी मुले ठाण्यात ढिगाने आहेत. त्या टॅक्सीत माझ्या शेजारी रात्रभर जागून, बोटांवर फेव्हिकॉल सुकलेल्या अवस्थेत झोपी गेलेली माझी मुलगी पाच वर्षांत एकदाही अशी नोकरी करू शकली नसती. तिचा राग मला कधीच आला नाही. राग येतो तो तिच्या वर्गातल्या, तितक्याच हुशार असूनही साध्या कार्डबोर्डवर भागवणाऱ्या मुलीला "प्रेझेंटेशन कमी पडले" असे ऐकवणाऱ्यांचा. ते मार्क कल्पकतेचे होते की माउंट बोर्डचे?

त्या पेढेवाल्या मुलीने हिंमत धरावी. अभ्यासक्रम सुंदर आहे आणि माझ्या मुलीला त्याचा क्षणभरही पश्चात्ताप नाही. पण माहितीपुस्तिकेत कॅम्पसचे रंगीत फोटो छापणाऱ्या महाविद्यालयांना पाच वर्षांचा साहित्याचा, प्लॉटिंगचा आणि सहलींचा सरासरी खर्च एका ओळीत छापायला काय अडचण आहे? हा आकडा कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतला महाविद्यालयांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरण्यापूर्वी पालकांच्या हातात पडायला हवा. प्रवेश पक्का झाल्यावर पहिल्या आठवड्यात हाती ठेवलेली साहित्याची यादी घेऊन आम्ही काय करायचे?