‘बॅटरीचा चोर पाच मिनिटांत पकडा’ म्हणे!

काल सकाळी मामांचा व्हिडिओ कॉल. बॉनेट उघडं, इंजिन सुरू आणि हातात दहा नंबरचा पाना. "दोन-तीन दिवस उभी राहिली की गाडी सेल्फच घेत नाही रे. मेसेजमध्ये लिहिलंय तसं काळी वायर काढून बघतो. तू फक्त बघत राहा." मी एवढ्या जोरात ‘थांबा’ म्हणून ओरडलो, की पाना खाली पडल्याचा आवाज मला इकडे आला.

तो मेसेज माझ्याकडेही तीन ग्रुपांतून येऊन गेलाय. ‘बॅटरी कोण खातंय ते पाच मिनिटांत शोधा, मेकॅनिकला पैसे देऊ नका’, खाली पाच मुद्दे आणि शेवटी हात जोडलेले. दरवेळी न वाचल्यासारखं केलं. आता घरापर्यंत आलाय, तर लिहितो.

पहिला मुद्दा असा: इंजिन सुरू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन बंद पडलं तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा जनरेटर) गेला, चालू राहिलं तर बॅटरी खराब.

एक कबूल करतो. कार्बोरेटर आणि काँटॅक्ट पॉइंटच्या जमान्यात जुने मेकॅनिक हे करायचे आणि बहुतेक वेळा निभावून जायचं. कारण गाडीत जळण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही नव्हतंच. आजच्या गाडीत इंजिनापासून दारांच्या काचांपर्यंत प्रत्येकाला आपापला कंट्रोलर, म्हणजे छोटा कॉम्प्युटर आहे.

वायर काढली की होतं काय? अल्टरनेटर बॅटरीत करंट भरत असतो. बॅटरी अचानक बाजूला झाली तरी त्याच्या रोटरमधलं, म्हणजे फिरत्या भागातलं चुंबकत्व क्षणात उतरत नाही. तयार झालेल्या करंटला जायला जागा नाही, म्हणून व्होल्टेज उसळतं. याला लोड डंप म्हणतात. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या चाचण्यांसाठी आयएसओ 16750-2 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात 12 व्होल्टच्या गाडीसाठी या उसळीची चाचणी 79 ते 101 व्होल्टची धरली आहे, तीही 40 ते 400 मिलिसेकंद टिकणारी. बारा व्होल्टच्या गाडीत शंभर! ‘नव्या अल्टरनेटरमध्ये ते दाबायची सोय असते’ असं कुणीतरी म्हणेलच. असते. पण तेव्हाही हिशेब 35 व्होल्टच्या आसपासचा असतो, आणि ती सोय वायर चुकून निसटली तर म्हणून आहे. एअरबॅग आहे म्हणून कुणी भिंतीवर गाडी घालून बघत नाही.

शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्क्यांच्या आसपास गेला की पेट घेऊ शकतो, आणि हे महाशय नेमकी तिथेच ठिणगी पाडायला सांगतात, तोंड बॅटरीवर वाकवून.

आणि एवढं करून उत्तर कशाचं मिळतं? मामांचा प्रश्न होता, गाडी बंद असताना बॅटरी का उतरते. ही चाचणी फार तर सांगेल की गाडी चालू असताना चार्जिंग होतंय का. पोट दुखतंय म्हणून गेलात आणि चष्म्याचा नंबर काढून आलात! अल्टरनेटरच बघायचाय तर इंजिन सुरू ठेवून मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक. काही नव्या गाड्या हा आकडा मुद्दाम वरखाली करतात, तेवढं ध्यानात ठेवा. वायर कुठलीच काढायची नाही.

दुसरा मुद्दा: गाडी बंद करून निगेटिव्ह वायर टेकवा, ठिणगी पडली तर लीकेज. वायर परत जोडताना कंट्रोलर जागे होतात, त्यांचे कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) भरतात, म्हणून धडधाकट गाडीतही ठिणगी पडते.

तिसरा: बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते. पूर्वी लाकडी पेटीतल्या किंवा कडक रबराच्या डब्यातल्या बॅटऱ्या ओल धरायच्या, तेव्हाची ही गोष्ट. आताचा डबा प्लॅस्टिकचा असतो. आणि मामांची बॅटरी फरशीवर नाही, गाडीत आहे.

चौथा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, म्हणून जास्त त्रास देतो: मीटर लावा आणि एकेक फ्यूज उपसत जा. मीटर लावायचा हे बरोबर. पण कधी? गाडी बंद करून लॉक केली तरी आतले कंट्रोलर लगेच झोपत नाहीत. काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ घेतात. पाचव्या मिनिटाला मीटर बघाल तर चांगली गाडीही चोर दिसेल. फ्यूज काढला-घातला की झोपलेले परत जागे, की पुन्हा पहिल्यापासून.

मामांकडून असं करवून घेतलं. इंजिन बंद. किल्ली लांब, घरात. डिक्की बंद. एक दार उघडंच ठेवून त्याचा लॅच स्क्रूड्रायव्हरने बसवला, म्हणजे गाडीला ते बंद वाटतं. निगेटिव्ह वायर काढून ती आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये मीटर, 10 अँपिअरच्या भोकात. आता चुकूनही सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. मग तासभर हात लावायचा नाही. मामांना हेच सगळ्यात जड गेलं.

20 ते 50 मिलिअँपिअर दिसले तर ठीक. 50 धरले तरी दिवसाला 1.2 अँपिअर-तास, म्हणजे 45 अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी व्हायला अठरा-एकोणीस दिवस लागतील. मामांच्या मीटरवर 0.43 अँपिअर, म्हणजे 430 मिलिअँपिअर होतं. दिवसाला दहा अँपिअर-तासांच्या वर! दोन-तीन दिवसांत सेल्फ का घेत नाही, ते तिथेच कळलं.

फ्यूज न काढता, त्याच्या डोक्यावरच्या दोन धातूच्या ठिपक्यांना दुसऱ्या मीटरच्या पिना लावायच्या, मिलिव्होल्टवर. शून्य म्हणजे त्यातून काही वाहत नाही. एका फ्यूजवर आकडा दिसला: आतल्या दिव्यांचा, डिक्कीतला धरून. सगळ्या फ्यूजवर शून्य असतं, तर अल्टरनेटरच्या डायोडवर (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) संशय घेतला असता. त्याची जाड वायर या छोट्या फ्यूजमधून जातच नाही. मीटरवर काहीच सापडलं नसतं, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून, सोडवून रात्रभर ठेवली असती. सकाळी 12.6 व्होल्टचे 12.2 झाले असते, तर चोर बॅटरीच.

पाचवा मुद्दा: रोज पाच मिनिटं गाडी सुरू करा, रात्री वायर काढून ठेवा. उभ्या गाडीत 10 अँपिअरने चार्जिंग होतंय असं धरलं तरी पाच मिनिटांत एक अँपिअर-तासही भरत नाही, आणि गळती दिवसाला दहाची. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वायर काढा, जरूर काढा, इंजिन बंद करून. रोज रात्री काढणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली.

शेवटी मामांनी फोनवर व्हिडिओ रेकॉर्डिंग लावून फोन डिक्कीत ठेवला, डिक्की बंद केली, मिनिटाने उघडली. व्हिडिओत अंधार व्हायला हवा होता. कोपऱ्यात ठेवलेली छत्री स्वच्छ दिसत होती, मुठीवरच्या ओरखड्यासकट. पाच वॉटचा बल्ब, स्विच अडकलेला.

मामांनी बल्ब काढून खिशात टाकला. मग जरा घुटमळत म्हणाले, "अरे, तो मेसेज मी पुढे अकरा जणांना पाठवलाय. त्यातल्या एकाने वायर काढलीसुद्धा. आता त्याचा टेप कसलातरी कोड मागतोय म्हणे."