हात लावू नका, हे खेळणे आहे

चाळिशी उलटली असेल, घराचा हप्ता वेळेवर जात असेल आणि तरीही आयुष्यात काहीतरी हरवल्यासारखे वाटत असेल, तर अध्यात्माच्या नादी लागू नये. हरवलेला ही-मॅन, म्हणजे लहानपणीचा तो खेळण्यातला पिळदार योद्धा, शोधायला निघावे. मॅटेल या अमेरिकन खेळणी कंपनीने तो 1982 साली बाजारात आणला आणि आपल्या पिढीला तो भारतात ‘लिओ’च्या नावाने भेटला. तुमचा आईने भंगारवाल्याला देऊन टाकला, याची आठवण तिला दर दिवाळीच्या साफसफाईत न चुकता करून द्यावी.

खरेदीसाठी शुक्रवारी भल्या पहाटे चोर बाजार गाठावा. मटन स्ट्रीटच्या परिसरात कोणीतरी तुम्हाला एका हाताचा सैनिक ‘रेअर पीस’ म्हणून दाखवील. दुसऱ्या हाताची चौकशी करू नये, किंमत त्यानेही वाढते.

पावती घरी आणू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खेळण्याचे पाकीट कधीही फोडू नये. फनस्कूल कंपनीचा जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातला सैनिक, मिळालाच, तर तो नव्वदच्या दशकात दुकानातून जसा निघाला तसाच, कार्डावर चिकटलेला हवा. कोपरा दुमडलेला नको, वरचा पारदर्शक फुगा पिवळा पडलेला नको. मग त्याला ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करावे, शक्य असल्यास खेळण्यांची अवस्था तपासून गुण देणाऱ्या परदेशी संस्थेकडून शंभरपैकी गुण मिळवून आणावेत आणि हॉलमधला वातानुकूलक त्याच्यासाठी दिवसरात्र चालू ठेवावा. मुलगी स्वयंपाकघरात घाम पुसत अभ्यास करील. तिच्या कडा पिवळ्या पडत नाहीत. घरी लहान मूल आले, तर मात्र तत्काळ सावध व्हावे. मागच्या रविवारी मी आठ वर्षांच्या भाच्याला घेऊन मुलुंडच्या एका मित्राकडे गेलो होतो. समोर भिंतभर खेळणी मांडलेली पाहून त्या मुलाने जे कोणत्याही मुलाने करावे तेच केले, म्हणजे एक पेटी उचलली आणि विचारले, “काका, हा उघडू?” त्यावर पंचेचाळीस वर्षांचा, दोन पदव्या घेतलेला हा गृहस्थ असा ओरडला, की शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. मुलगा रडला. मित्राने आधी पेटीचे कोपरे तपासले आणि नंतर, आपण फार समजूतदार आहोत अशा थाटात, त्याला मोबाइल दिला आणि म्हणाला, “घे, यावर गेम खेळ.”

ज्या मुलाच्या हातात दिवसभर मोबाइल असतो म्हणून आपण सगळे गळे काढतो, त्याच्या हातातून खेळणे काढून घेऊन मोबाइल दिला! आणि हे कशासाठी, तर म्हणे बालपण जपण्यासाठी. कोणाचे बालपण? आपल्या बालपणी जी. आय. जोच्या कमरेतले रबर तुटून त्याचे दोन तुकडे व्हायचे, आपण ते आईच्या डब्यातल्या रबर बँडने जोडायचो आणि तो वाकडा सैनिक पुन्हा लढायला जायचा. तुम्ही हजारो रुपये मोजून आणता तो सैनिक कोणाच्याच बालपणी नव्हता. त्याला कोणी खेळवले नाही, एवढ्यासाठीच तो महाग आहे. शिवाय तो टिकतही नाही. कमरेतले रबर पेटीतही वाळते आणि तुटते, मऊ प्लास्टिकमधला मऊपणा आणणारा पदार्थ वर्षानुवर्षे बाहेर झिरपतो आणि अंग चिकट होते. मुंबईच्या दमट हवेला तुमच्या गुणपत्रिकेचे कौतुक नाही.

संग्रह जरूर करा, तुमचा पैसा आहे. पण त्याला गुंतवणूक म्हणा, छंद म्हणा, बालपण म्हणू नका. आणि मित्रा, तू हे वाचत असशील तर माझ्या भाच्याला फोन कर, त्याची माफी माग, त्याला घरी बोलाव आणि त्या भिंतीवरची एक तरी पेटी त्याच्या हातांनी फोडू दे. रबर तुटलेच तर नवे बसवता येते.